धारवाडचा अर्ज आणि साताऱ्याचें गोणपाट : शाळेंतील छळ व मुलाचा कैवार

१

आमच्याकडील शिक्षणाचा इतिहास आजवर बहुधा वरून खालीं पाहून लिहिला गेला आहे. कोणत्या सालीं कोणती शाळा निघाली, कोणत्या गव्हर्नरानें कोणतें टिपण लिहिलें, कोणत्या कमिशनानें कोणत्या शिफारशी केल्या, याची माहिती आपणांस बरीच आहे. परंतु शाळेच्या बांकावर, किंवा बांकापासून दूर जमिनीवर, जें मूल बसत होतें, त्याच्या मनांत काय चाललें होतें, त्याला कोण छळीत होतें, तें घरीं जाऊन कोणास सांगत होतें, आणि सांगितल्यावर घरचीं माणसें काय करूं शकत होतीं, हे प्रश्न इतिहासकारांनीं क्वचितच विचारले आहेत. याचें कारण उघड आहे. सरकारी दप्तर अधिकाऱ्याचें असतें. मुलाचें दप्तर म्हणजे पाटी, आणि ती रोज पुसली जाते.

प्रस्तुत लेखांत मुंबई इलाख्यांतील दोन प्रकरणें मध्यभागीं ठेवून या प्रश्नाचा विचार करण्याचें योजिलें आहे. पहिलें प्रकरण १८५६ सालचें धारवाडचें, दुसरें १९०० च्या आगेंमागें साताऱ्याचें. दोन्ही प्रकरणें अभ्यासकांस परिचित आहेत. परंतु तीं अस्पृश्यतेच्या इतिहासांत मोडतात असें समजून शिक्षणाच्या आणि बालमनाच्या इतिहासानें त्यांजकडे पाठ फिरविली आहे. ही वांटणी चुकीची आहे असें आम्हांस वाटतें.

प्रथम शब्दाचा विचार करूं. एका मुलास दुसऱ्यांनीं शाळेंत त्रास देणें याला मराठींत एकच असा शब्द नाहीं. अंगबळाचा उपयोग झाला तर आपण दांडगाई म्हणतों. शब्दांचा झाला तर चिडविणें किंवा टिंगल म्हणतों. आणि सगळ्यांनीं मिळून एकास दूर ठेविलें तर वाळींत टाकणें म्हणतों. पहिले शब्द मुलांच्या खेळांतले आहेत, पण शेवटचा जातपंचायतींतून आलेला आहे. जें मोठीं माणसें गांवांत करीत होतीं, तेंच मुलें वर्गांत करीत होतीं, हें भाषेनेंच नोंदवून ठेविलें आहे.

युरोपांतही हा शब्दविचार याच वाटेनें गेला, हें पाहण्यासारखें आहे. शाळेंतील समूहानें केलेल्या छळाची शास्त्रीय चर्चा स्वीडनमध्यें सुरू झाली ती पेटर-पाऊल हायनेमान या डॉक्टराच्या १९६९ सालच्या लेखापासून. त्यानें एका सांवळ्या वर्णाच्या मुलाला दत्तक घेतलें होतें, आणि त्या मुलास इतर मुलांनीं जी वागणूक दिली तिजवरून त्याला हा विषय सुचला. लेखास त्यानें दक्षिण आफ्रिकेंतील वर्णद्वेषी धोरणाचेंच नांव दिलें होतें. पुढें डान ओल्व्हेउस यानें छळाचीं तीन लक्षणें ठरविलीं : त्रास देण्याचा हेतु, त्याची पुनरावृत्ति, आणि दोन पक्षांच्या बळांतील विषमता. १९८२ च्या अखेरीस नॉर्वेंत तीन मुलांनीं आत्महत्या केल्यावर १९८३ सालीं तेथील सरकारनें देशभर मोहीम काढली, ती त्याच्याच अभ्यासाच्या आधारें. हीं तीन लक्षणें हातीं घेऊन आपण आपल्या दप्तरांकडे वळूं.

२

ब्रिटिश अमदानीपूर्वींच्या आणि तिच्या आरंभींच्या पंतोजीच्या शाळेंत शिक्षा हा शिक्षणाचाच एक भाग मानला जाई. छडी, ओणवें उभें करणें, अंगठे धरविणें, कोंबडा करणें, यांचीं वर्णनें एकोणिसाव्या शतकांतील आत्मचरित्रांतून विपुल सांपडतात. त्यांचा सूर बहुधा विनोदी असतो, कारण लिहिणारा त्या वेळीं पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ असतो आणि छडीचे वळ केव्हांच मिटलेले असतात. इतिहासकारानें हा सूर जसाच्या तसा स्वीकारूं नये. जे त्या शाळेंतून पार पडले त्यांनींच आत्मचरित्रें लिहिलीं. जे भीतीनें शाळा सोडून गेले त्यांचीं आत्मचरित्रें नाहींत.

या शाळेंतील एक गोष्ट आमच्या विषयास विशेष जवळची आहे. शाळा चुकविणाऱ्या मुलास आणण्याकरितां पंतोजी स्वतः जात नसे. तो चारदोन थोर मुलें पाठवी, आणि तीं त्या मुलाचे हातपाय धरून त्यास उचलून आणीत. यासच उचलबांगडी म्हणत. म्हणजे थोर मुलाच्या अंगबळाला गुरूची मान्यता होती. थोर मुलांनीं धाकट्यांस शिकवावें ही पद्धति मद्रासेकडील शाळांत पाहून अँड्र्यू बेल यानें १७९७ सालीं तिजवर पुस्तक लिहिलें, आणि पुढें ती विलायतेंत व तेथून पुन्हा हिंदुस्थानांतील नव्या शाळांत फिरून आली. या पद्धतीचे गुण पुष्कळ होते. परंतु एका मुलास दुसऱ्यावर सत्ता देतांना त्या सत्तेस मर्यादा कोण घालणार, याचा विचार तींत नव्हता. बळाची विषमता, जिला आज छळाचें मूळ म्हणतात, ती येथें व्यवस्थेचा पाया होती.

नव्या सरकारी धोरणाचें बीजही याच काळांतलें आहे. मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें १८२४ च्या सुमारास शिक्षणावर जें टिपण लिहिलें, त्यांत अगदीं खालच्या मानलेल्या जातींचीं मुलें मिशनऱ्यांस उत्तम विद्यार्थी म्हणून मिळतात हें नमूद करून, त्यांनाच विशेष उत्तेजन देण्याविषयीं त्यानें सावधगिरीचा इशारा दिला. शिक्षण प्रथम त्यांच्यांत रुजलें तर वरच्या जाती त्यापासून दूर राहतील, अशी त्याची अटकळ होती. मूल हुशार असणें आणि मूल शाळेंत चालणें, या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हें तत्त्व याप्रमाणें पहिल्याच टिपणांत आलें.

३

मुलाचा स्वतःचा आवाज आमच्या छापील साधनांत प्रथम कोठें ऐकूं येतो? आमच्या मतें तो १८५५ सालच्या ज्ञानोदय पत्रांत ऐकूं येतो. जोतीराव फुले यांनीं १८४८ सालीं पुण्यास मुलींची शाळा काढली, आणि पुढें चार वर्षांच्या आंत महार व मांग मुलांच्या शिक्षणासही हात घातला. त्यांच्या शाळेंतील मुक्ता साळवे या मांग समाजांतील, चौदा वर्षांच्या सुमाराच्या मुलीनें महार-मांगांच्या दुःखाविषयीं निबंध लिहिला, आणि तो त्या पत्रांत दोन हप्त्यांनीं छापला गेला. आपल्या लोकांस मिळालेल्या वागणुकीचा तिनें धर्माला आणि राज्यकर्त्यांना जाब विचारला आहे, आणि अखेरीस विद्येला औषधाची उपमा देऊन आपल्या लोकांनीं तें घ्यावें असें सांगितलें आहे. एका विद्यार्थिनीनें आपल्या दुःखाला लेखाचें रूप द्यावें, तें शिक्षकांनीं दडपूं नये, आणि संपादकानें छापावें, ही साखळी महत्त्वाची आहे. दुःख सांगण्यास जागा मिळणें हा आधाराचा पहिला प्रकार होय.

पुढच्याच वर्षीं, जून १८५६ मध्यें, धारवाडच्या सरकारी शाळेंत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाच्या वतीनें अर्ज आला. धारवाड त्या वेळीं मुंबई इलाख्यांत होतें. शाळेनें त्यास घेतलें नाहीं, तेव्हां प्रकरण मुंबई सरकारपर्यंत गेलें. सरकारच्या उत्तराचा आशय असा होता : शुद्ध न्याय अर्जदाराच्या बाजूस आहे यांत संशय नाहीं, परंतु एका व्यक्तीकरितां तिला इतर मुलांच्या संगतींत बळेंच बसविलें तर ती संस्था बहुसंख्य लोकांस निरुपयोगी होण्याचा धोका आहे, सबब सरकार यांत पडूं इच्छीत नाहीं. कागद पुढें हिंदुस्थान सरकारकडे गेले. जानेवारी १८५७ मध्यें त्यांनीं कळविलें कीं, मुंबई सरकारनें केलें तें कदाचित् शहाणपणाचें असेल, परंतु बंगालच्या कोणत्याही सरकारी शाळेनें या मुलास नाकारलें नसतें. शेवटीं १८५८ च्या एप्रिलांत कोर्ट ऑफ डायरेक्टर्सनीं निर्णय दिला कीं, सरकारी शाळा सर्व वर्गांस खुल्या आहेत आणि या तत्त्वापासून ढळतां येणार नाहीं. कंपनीचें राज्य त्याच वर्षीं संपलें.

या पत्रव्यवहारांत तीन गोष्टी लक्षांत घेण्याजोग्या आहेत.

पहिली ही कीं, जे उतारे पुढें वारंवार छापले गेले त्यांत अर्जदार केवळ एक महार मुलगा म्हणून येतो. तीन सरकारांनीं त्याच्यावर कागद लिहिले; त्याला काय वाटलें हें त्यांतील एकाही कागदाचा विषय नव्हता.

दुसरी ही कीं, मुलगा सरकारकडे एकटा अर्ज करीत नाहीं. त्याच्या पाठीशीं कोणी वडीलधारें माणूस असलें पाहिजे. हें आमचें अनुमान आहे, पुरावा नव्हे. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीनें तें या प्रकरणाचें मर्म आहे. पोराला शाळेनें नाकारलें म्हणून त्याला घरीं कामास न लावतां, वरच्या दाराशीं जाऊन दाद मागणारें एक घर १८५६ सालीं धारवाडास होतें. शाळेच्या अन्यायाविरुद्ध कुटुंबानें उभें राहण्याचें हें फार जुनें उदाहरण होय.

तिसरी गोष्ट सरकारी युक्तिवादाची. एकाचें दुःख एका पारड्यांत आणि वर्गाची शांतता दुसऱ्या पारड्यांत, अशी ती तुलना होती. सरकारनें न्याय कोणाच्या बाजूस आहे हें स्वच्छ ओळखलें, तें लिहूनही ठेविलें, आणि तरी निकाल उलट दिला. जो छळ करतो तो बहुसंख्य असला, तर त्याला समजावण्यापेक्षां छळल्या जाणाऱ्यास दूर करणें सोपें, हें तर्कशास्त्र तेव्हांपासून आजपर्यंत मुख्याध्यापकांच्या खोल्यांतून ऐकूं येत आलें आहे. तुमच्याच मुलास दुसरीकडे घालून पाहा, असें जेव्हां पालकांस सांगितलें जातें, तेव्हां बोलणाऱ्यास ठाऊक नसलें तरी तो १८५६ च्या मुंबई सरकारचेंच उत्तर देत असतो.

१८५८ च्या हुकुमानें दार उघडलें, परंतु आंत गेल्यावर मुलास कोठें बसवावें, त्याला पाणी कोणीं द्यावें, त्याच्याशीं कोणीं बोलावें, हें त्या हुकुमांत नव्हतें. अस्पृश्य मुलें दाखल होतांच इतरांनीं आपलीं मुलें काढून नेण्याचे प्रकार घडूं लागले. १८८२ च्या हंटर कमिशननें तत्त्व कायम ठेविलें, पण तें अंमलांत आणतांना सबुरी धरावी आणि जेथें मुलांची संख्या पुरेशी असेल तेथें निराळ्या शाळा काढाव्या, अशी शिफारस केली. तत्त्व आणि बैठक यांत जें अंतर पडलें, त्या अंतरांत पुढच्या पिढीचीं मुलें वाढलीं.

४

त्या मुलांपैकीं एकाची साक्ष सुदैवानें आपणांस उपलब्ध आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजीं सातारच्या राजवाड्यांतील सरकारी हायस्कुलांत भिवा रामजी आंबेडकर या नांवाची नोंद झाली. हेच पुढें डॉ. बाबासाहेब आंबेडकर. या दिवसाच्या स्मरणार्थ महाराष्ट्र शासनानें २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून ठरविला आहे. आपल्या बालपणाच्या आठवणी त्यांनीं १९३५-३६ च्या सुमारास इंग्रजींत लिहून ठेविल्या, आणि त्या १९९० सालीं पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें पुस्तकरूपानें प्रसिद्ध केल्या.

या आठवणींतील शाळेचें वर्णन थोडक्या ओळींचें आहे. वर्गांत त्यांनीं एका कोपऱ्यांत निराळें बसावें. बसण्यास स्वतःचें गोणपाट आणावें. शाळा झाडणारा नोकर त्यास शिवणार नाहीं म्हणून तें संध्याकाळीं घरीं न्यावें आणि सकाळीं पुन्हा आणावें. तहान लागली तर इतर मुलांनीं शिक्षकाची परवानगी घेऊन नळावर जावें. यांनीं मात्र शिपायाची वाट पाहावी, कारण नळास हात लावण्याची त्यांस मनाई होती. शिपाई नसेल त्या दिवशीं पाणी नाहीं.

ओल्व्हेउसचीं लक्षणें येथें लावून पाहावीं. पुनरावृत्ति आहे; रोज सकाळीं आणि रोज संध्याकाळीं. बळाची विषमता आहे. एका मुलाविरुद्ध सबंध शाळा. हेतूचा प्रश्न मात्र बिकट आहे. येथें कोणीं हात उगारीत नाहीं, कोणीं शिवीही देत नाहीं. प्रत्येकजण केवळ नियम पाळीत आहे. छळ करणारा दाखवा म्हटलें तर बोट कोणाकडेही करतां येत नाहीं, आणि म्हणूनच तो छळ तक्रारींत मावत नाहीं. छळ हा नेहमीं चारदोन द्वाड पोरांचा उद्योग असतो, या समजुतीस साताऱ्याचें गोणपाट हें कायमचें उत्तर आहे.

याच आठवणींत बालमनाविषयीं एक अत्यंत मोलाचें निरीक्षण आहे. १९०१ सालीं वडिलांस भेटण्याकरितां हीं मुलें मसूर स्टेशनावर उतरलीं. त्यांची जात कळतांच गाडीवाले त्यांस नेईनात; दुप्पट भाडें देऊन आणि गाडी स्वतः हांकून त्यांस कोरेगांवची वाट धरावी लागली, आणि जवळ अन्न असून पाण्यावांचून रात्र काढावी लागली. या प्रसंगाच्या आधीं शाळेंतील वागणूक आपणांस स्वाभाविकच वाटत असे, या धक्क्यानें प्रथम आपण विचार करूं लागलों, असें डॉ. आंबेडकर सांगतात. ज्या मुलास रोज छळलें जातें त्यास तो छळ वाटत नाहीं. तें त्याला जगाची रीत वाटते. म्हणून मूल तक्रार करीत नाहीं, आणि म्हणून त्याच्या न बोलण्यावरून सर्व ठीक आहे असा निष्कर्ष काढूं नये. ही गोष्ट आज मनोवैद्य सांगतात. ती सातारच्या एका विद्यार्थ्यानें शंभर वर्षांपूर्वींच्या आपल्या अनुभवावरून लिहून ठेविली आहे.

घराचें काय? आई वारलेली होती, वडील रामजी सुभेदार नोकरीनिमित्त परगांवीं, घरांत आत्या. न्हावी केस कापीत नसे आणि परीट कपडे धूत नसे, म्हणून मुलांचे केस मोठी बहीण कापी आणि कपडेही बहिणीच धूत. पैसे नव्हते म्हणून नव्हे, हेंही त्यांनीं मुद्दाम नोंदविलें आहे. शाळेनें आणि गांवानें जी जखम केली तिची मलमपट्टी घरांतील मुलींच्या वांट्यास आली. मुलाच्या छळाचा भार कुटुंबावर कसा पडतो आणि त्यांतही कोणावर अधिक पडतो, याची ही नोंद इतिहासकारांनीं दुर्लक्षूं नये.

शिक्षकाचें काय? त्याच शाळेंत आंबेडकर याच आडनांवाचे एक ब्राह्मण शिक्षक होते. मधल्या सुटींत या मुलास घरीं हेलपाटा पडूं नये म्हणून ते आपल्या डब्यांतील भाजीभाकरी त्यास देत. त्यांचें स्मरण डॉ. आंबेडकरांनीं जन्मभर कृतज्ञतेनें ठेविलें, आणि त्यांचेंच आडनांव आज जगास ठाऊक आहे. ही हकीकत सांगून आपले लेखक बहुधा थांबतात. आम्ही एक पाऊल पुढें जाऊं इच्छितों. त्या शिक्षकांच्या भाकरीनें गोणपाट हललें नाहीं. एकाच छपराखालीं दया होती आणि नियमही होता, आणि दोघांनीं एकमेकांस स्पर्श केला नाहीं. धारवाडास नियम मुलाच्या बाजूचा होता पण माणूस नव्हता. साताऱ्यास माणूस होता पण नियम नव्हता. मुलाचा कैवार पुरा होण्यास दोन्ही लागतात.

या दोन प्रकरणांस जोडणारा एक धागा आहे. १९२८ सालीं सायमन कमिशनपुढें बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीनें मुंबई इलाख्यांतील अस्पृश्यांच्या शिक्षणाविषयीं जें निवेदन डॉ. आंबेडकरांनीं सादर केलें, त्यांत धारवाडच्या अर्जाचें प्रकरण त्यांनीं दप्तरांतून काढून मांडलें. गोणपाटावर बसलेल्या मुलानें, बहात्तर वर्षांनंतर, दारांतून परतविलेल्या मुलाची बाजू घेतली. त्या बिननांवाच्या अर्जदारास पहिला वकील मिळाला तो हा.

५

नियम आणि माणूस एकत्र आणण्याचे प्रयत्न मध्यंतरीं सुरू झाले होते. करवीरचे शाहू छत्रपति यांनीं १९०१ पासून कोल्हापुरांत विद्यार्थी वसतिगृहें काढलीं, १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें, आणि १९१९ सालीं अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांस सरकारी शाळांत इतरांबरोबर बसविण्याचा हुकूम दिला. ज्या नोकरांस अशी समतेची वागणूक मान्य नसेल त्यांनीं राजीनामा द्यावा, असें त्या वर्षींच्या हुकुमांत बजावलें होतें. येथें प्रथमच जबाबदारी मुलावरून काढून मोठ्या माणसावर ठेविली गेली. धारवाडास सरकारनें मुलास जा म्हटलें. कोल्हापुरास छत्रपतींनीं ज्यास खपत नसेल त्या नोकरास जा म्हटलें.

मुंबईच्या कायदेमंडळांत सीताराम केशव बोले यांनीं आणलेला ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजीं मंजूर झाला. त्यानें सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा यांबरोबर सार्वजनिक शाळाही अस्पृश्यांस खुल्या केल्या. महाडचा १९२७ चा संग्राम याच ठरावाच्या अंमलबजावणीसाठीं झाला, हें सर्वश्रुत आहे.

परंतु बालमनाच्या दृष्टीनें आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते ती साताऱ्याचीच दुसरी घटना. भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह काढलें. तेथें सर्व जातींचीं मुलें एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंगतीस जेवत. १९२७ सालीं महात्मा गांधींच्या हस्तें त्यास शाहू छत्रपतींचें नांव देण्यांत आलें. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं या मुलांस आईची माया दिली, आणि धान्य संपलें तेव्हां आपले दागिने, अखेर मंगळसूत्रही, मोडलें. १९३० सालीं त्या वारल्या. ज्या गांवांत चोवीस वर्षांपूर्वीं एका मुलास पाण्याकरितां शिपायाची वाट पाहावी लागली होती, त्याच गांवांत मुलें एकमेकांस भाकरी वाढूं लागलीं. उपदेशानें जें होत नाहीं तें एका चुलीनें होतें. छळ हा मुलें गांवापासून शिकतात. तो विसरण्यास त्यांना दुसरें गांव लागतें, आणि वसतिगृह हें तें दुसरें गांव होतें.

६

याच काळांत, निराळ्या दिशेनें, मुलाच्या मनाचा स्वतंत्र विचार आमच्याकडे येऊं लागला. गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं भावनगरास दक्षिणामूर्ति बालमंदिर काढलें. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनीं भय आणि मारझोड यांवांचून शिक्षण, हें तत्त्व महाराष्ट्रांत आणून १९४५ सालीं बोर्डी येथें ग्रामीण आणि आदिवासी मुलांच्या अंगणापर्यंत नेलें. मुंबईस १९३६ सालीं सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय निघालें, आणि दुसऱ्याच वर्षीं त्याच्या वतीनें बाल मार्गदर्शन केंद्र सुरू झालें. हिंदुस्थानांतील अशा प्रकारचें हें पहिलें केंद्र म्हणून ओळखलें जातें. या पद्धतीचें वैशिष्ट्य असें कीं, वैद्य, मानसशास्त्रज्ञ आणि समाजसेवक तिघे मिळून मुलाचा विचार करतात, आणि मुलाबरोबर त्याच्या घराचीही विचारपूस होते. मूल बिघडलें असें न म्हणतां, मुलाभोंवतीं काय बिघडलें आहे हें पाहणें, हा दृष्टीचा मोठा पालट होता.

हक्काची धारा आणि मनाची धारा बराच काळ वेगळ्या वाहिल्या. १९५० च्या राज्यघटनेनें अस्पृश्यता नष्ट केली, १९५५ च्या कायद्यानें शाळा आणि वसतिगृहें यांत ती पाळणें गुन्हा ठरविलें. तिकडे मनाचे दवाखाने शहरांत आणि थोडक्यांच्या आटोक्यांत राहिले. १९९० सालीं ठाण्यास डॉ. आनंद नाडकर्णी यांनीं स्थापन केलेल्या मानसिक आरोग्य संस्थेसारख्या प्रयत्नांनीं हें ज्ञान शाळांपर्यंत मराठींत पोंचूं लागलें. १९९६ सालीं मुंबईंत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रयत्नानें संकटांतील मुलांसाठीं १०९८ हा दूरध्वनि सुरू झाला. मूल स्वतः तक्रार करूं शकतें, हें त्यामागील गृहीत नवें होतें. १९९९ सालीं महाराष्ट्रानें रॅगिंगबंदीचा कायदा केला.

दोन्ही धारा एकत्र आल्या त्या २००९ च्या बालकांच्या शिक्षणहक्काच्या कायद्यांत. तो १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला. त्याच्या सतराव्या कलमानें शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही बंदी केली, आणि त्याच कायद्याच्या इतर कलमांनीं दुर्बल व वंचित गटांतील मुलांस भेदभावानें वागविलें जाणार नाहीं हें पाहण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. शाळा व्यवस्थापन समितींत तीनचतुर्थांश सभासद पालक असावेत अशीही त्यांत तरतूद आहे. २०२२ सालीं महाराष्ट्र शासनानें शाळांतून सखी सावित्री समित्या नेमण्याचा निर्णय केला, आणि त्याच वर्षीं मानसिक आधारासाठीं १४४१६ हा देशव्यापी दूरध्वनि सुरू झाला. धारवाडच्या त्या घरास ज्या दारासाठीं तीन सरकारें ओलांडावीं लागलीं, तें दार आज कायद्यानें शाळेच्या आवारांतच ठेविलें आहे.

७

या सर्व हकीकतीवरून कांहीं निष्कर्ष काढतां येतात. शाळेंतील छळ हा केवळ पोरखेळ कधींच नव्हता; गांवांत जी उतरंड असते तिचीच ती धाकटी आवृत्ति असते, मग ती जातीची असो, रंगाची, व्यंगाची, भाषेची किंवा गरिबीची असो. ज्याला छळलें जातें तो बहुधा गप्प असतो, कारण त्यास तीच रीत वाटते. जो त्याच्या बाजूनें बोलतो तो बहुधा एकटा असतो : कधीं अर्ज करणारा बाप, कधीं केस कापणारी बहीण, कधीं भाकरी देणारा मास्तर. आणि या एकट्यांची दया नियमांत उतरेपर्यंत मुलाचें गोणपाट हलत नाहीं. उलट, नियम झाला म्हणजे काम संपलें असें मानणाऱ्यांनीं १८५८ च्या हुकुमानंतर बेचाळीस वर्षांनीं साताऱ्यास काय चाललें होतें हें आठवावें.

जातां जातां वाचकांस एक विनंति आहे. जुन्या शाळांच्या कपाटांतून दिपोटींचीं शेरेबुकें, दाखल-खारिजाचीं रजिस्टरें, हजेरीपट, पालकांचे अर्ज आणि वसतिगृहांतून घरीं लिहिलेलीं पत्रें अद्याप पडून आहेत. दर पावसाळ्यांत त्यांतील कांहीं वाळवीच्या मुखीं जातात. नांव मध्येंच खारीज झालेलें मूल, आणि कारणाच्या रकान्यांत लिहिलेला एखादा कोरडा शब्द, हेंही इतिहासाचें साधन आहे. ज्यांस असे कागद आढळतील त्यांनीं ते जतन करावे आणि त्यांच्या नकला संशोधकांच्या हवालीं कराव्या. मात्र जीं मुलें किंवा त्यांचीं कुटुंबें आज हयात आहेत त्यांचीं नांवें झांकून. एका मुलाचें नांव कागदांत राहिलें नाहीं याची खंत आम्ही वर केली आहे. परंतु ज्याला आपलें दुःख उघडें करावयाचें नाहीं त्याचें नांव झांकणें, हाही कैवाराचाच भाग आहे.